पाय पाळण्यात

डोंगरांच्या मागे (प्रांताचं नावच तसं)
एका चर्चच्या बाजूच्या खोलीत,
मेणबत्त्यांच्या खोक्यांना टेकवलेलं
चेस्टनटच्या फळ्यांवरचं हे तैलचित्र
तीन आठवडे पुसते आहे मी
कापसाच्या बोळ्यानं, थुंकी लावून.
हो, थुंकीच.
तीनशे वर्षांच्या काजळीला तिच्याइतकं मऊ काही नाही.

गाढव पूर्ण आहे.
कानातली लव, पोटाखाली वाळलेला चिखल,
आमच्या मिरांदाच्या गाढवांसारखंच झिपरं,
डोळ्यात उजेडाचा एक ठिपका, खिडकीच्या आकाराचा.
बैलाला एकच शिंग.
योसेफ म्हणजे नुसती तपकिरी जमीन
आणि तिच्यावर कोळशानं ओढलेला एक खांदा.
मरियेचा झगा करडाच राहिला;
निळ्याचे पैसे मठातून आले नाहीत
असं चर्चच्या चोपडीत लिहिलंय.

चोपडीत पुढे:
ब्रितेश भटारणीला, तिचं पोर गव्हाणीत निजवल्याबद्दल,
राय, दोन पायल्या.
पोराचं नाव टोमे. वय सात आठवडे.
पुढच्या हिवाळ्यात पुन्हा: ब्रितेशला, दोन पायल्या.
त्याच्या पुढच्या: एक पायली,
आणि पोराला सुकी अंजिरं, निजत नाही म्हणून.

जेरोनिमु चित्रकार मंद हाताचा.
गाढवाला घाई नव्हती, दोघांचं जमलं.
पण इथल्या थंडीत जवसाचं तेल वाळता वाळत नाही,
आणि कपाळ वाळेपर्यंत
टोमेचं कपाळ मोठं झालेलं.
खरवडायचा. पुन्हा बसायचा.
दिवा तिरपा धरला की गव्हाणीत
तीन डोकी दिसतात मला, एकात एक,
कांद्याच्या पापुद्र्यांसारखी.
चौथं नाहीच.
पेंढा. आणि पेंढ्यातून वर आलेले
सात आठवड्यांचे दोन पाय,
टाचेला सुरकुती, अंगठा वाकडा.
तेवढे मात्र त्यानं खरवडले नाहीत.

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात, म्हणतात.
इथे पायच दिसतात.

मूल परवा सापडलं.
उजव्या कडेचा काळा थर उतरला,
तर मेंढपाळांच्या जागी, दारात,
सहाएक वर्षांचा मुलगा:
बापाची टोपी, नाक वाहतंय,
पुढचा दात पडलेला, हातात अर्धा खाल्लेला पाव.
गाढवाइतकाच पूर्ण.
फक्त गुडघ्यांखाली काही नाही,
उघडी फळी.

पाद्रीबाबा म्हणतात, नाताळला बाळ हवं.
पर्यटन खात्यातल्या माणसानं फोनवर दाखवलं मला
यंत्रानं भरून दिलेलं एक बाळ,
सोनेरी, हसरं, कुणाचंच नसलेलं.
मी फळ्या जोडते, म्हटलं, भोकं बुजवते.
बाळं करत नाही.

किल्ल्या अडोझिंडाकडे असतात.
ती दुपारी कोबीचं सूप घेऊन येते, बसते,
आणि मी जेवले की नाही ते पाहून जाते.
गावात अकरा वर्षांत पाळणा हललेला नाही.
शाळेत आता बटाटे ठेवतात.
तिचा एव्हारिश्तु लक्झेंबर्गला फरश्या बसवतो,
ऑगस्टमध्ये येतो, आला तर.

काल ती दारातल्या मुलासमोर उभी राहिली,
चष्मा कपाळावर चढवून, नाक रंगाला लागेल इतकी जवळ.
“भटारखान्यातला,” म्हणाली.
“त्या घरात सगळ्यांचे कान असेच बाहेर.”
मग गव्हाणीकडे बोट करून:
“आणि ह्याला परत निजवणार तुम्ही?
उठून दारापर्यंत आलेल्या पोराला?”

मी बोळा बदलला.
ती ताटली उचलून निघाली, उंबऱ्यात थांबली.
“पाय काढायचेच असले कुणाला
तर मोजे घाल म्हणावं. दारात गारठा आहे.”

आज दिवसभर पाऊस आणि धूर.
गाढवाच्या डाव्या कानात वाळवीची नऊ भोकं आहेत.
चार बुजवली मेणानं.
पाचवं खोल आहे, आत अजून काहीतरी कुरतडतंय,
कान लावला की ऐकू येतं.